गिरणीतली वैजू

समीरच्या तोंडचा घास वैजूने काढून घेतला, तेव्हा मी तिथेच बसले होते. पोळीची सुरळी त्याच्या हातात, तोंड उघडलेलं, कानांवर टोपलीएवढे हेडफोन आणि समोर लॅपटॉपच्या पडद्यावर पाच-सात गंभीर चेहरे. वैजूने मागून हात घातला, सुरळी काढून घेतली, डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डबा घेऊन चालू लागली. पडद्यावरच्या मंडळींना नुसता काचेच्या बांगड्यांचा एक हात दिसला असणार.

“अहो बाई, माझा डबा!” समीर हेडफोनच्या वायरीसकट उठला.

“मधल्या टेबलावर ठेवतेय. जेवायचं तर चार माणसांत बसून जेवा. मीटिंग करायची तर उपाशी करा.”

“मी पैसे भरलेत इथले!”

“खुर्चीचे भरलेत. एकट्यानं जेवायचे नाय भरलेत.”

मी मनात म्हटलं, ही बाई महिनाभरसुद्धा टिकत नाही. माझे अंदाज असेच असतात. तेविसाव्या वर्षी दादरहून लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हाही माझा अंदाज होता की कर्जतला आपण फार तर वर्षभर काढू, मग नवऱ्याला घेऊन परत जाऊ. पन्नास वर्षं होत आली.

हे घडत होतं ते आमच्या भातगिरणीत. कर्जतहून खोपोलीकडे जाताना रस्त्याला लागूनच आमची गिरण. नवी नवरी असताना मी तिच्यासमोरून नाकाला रुमाल लावून जायची. इंग्रजीत वर्गात पहिली येणारी मुलगी कोंड्याच्या धुरळ्यात कशी शिरेल! सासूबाई शांतपणे म्हणायच्या, “त्या धुरळ्यातूनच तुझी पावडर येते गं.” पुढे हे गेले, गिरण बंद पडली, यंत्रं भंगारात गेली. मग लॉकडाऊनने मुंबईच्या माणसांना हात-पाय पसरायला शिकवलं. नेरळला, भिवपुरीला घरं घेऊन ती राहायला आली आणि घरी बसूनच नोकऱ्या करायला लागली. माझा मुलगा पुण्याला असतो. त्याने गिरणीला काचा लावल्या, एसी लावला, लांबलचक टेबलं टाकली आणि तिचं को-वर्किंग केलं. मी म्हटलं, “अरे, बसायला पैसे देऊन कोण येणार? आपल्याकडे लोक फुकट बसतात ते उठत नाहीत.” पण आले की! आणि नुसते आले नाहीत, सातासमुद्रापलीकडच्या साहेबालाही ‘गिरणीत आहे’ असं सांगायला लागले.

वैजू ह्या गिरणीची मॅनेजर. पळसदरीची, घरात एकटीच. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, चालताना दोन्ही हात वल्ह्यासारखे हलवणारी. आधी एका फार्महाऊसवर पाहुण्यांना चाव्या द्यायची. एसीवर तिचा राग, म्हणून बारा महिने साडीवर पुरुषी स्वेटर. नावं तिच्या लक्षात राहत, पण ती नावाने हाक मारत नसे. माणूस जिथून येई ते त्याचं नाव. समीर म्हणजे ‘भिवपुरी’. तन्वी म्हणून एक मुलगी होती, ती ‘नेरळ’. कुणी आपल्या कामाबद्दल सांगायला लागलं की ती हात जोडायची. “ते नका सांगू. मला कळायचं नाय आणि तुमाला समजवायला जमायचं नाय. सकाळी काय खाऊन निघालात ते सांगा.”

तिचा कायदा एकच. जेवायच्या वेळी सगळे डबे टेबलाच्या मधोमध ठेवायचे, झाकणं लावलेले, आणि आपला डबा आपण उघडायचा नाही. दुसऱ्याचा उघडायचा. ज्याचा उघडला त्याच्या शेजारी बसायचं. बस्स.

आता ह्या कायद्यात बारकूबाईही आली. बारकूबाई ठाकरवाडीवरून झाडलोटीला यायची आणि मागच्या ओट्यावर, जिथे पूर्वी भाताची पोती उतरायची, तिथे पाठमोरी बसून जेवायची. वैजूने तिला हाक मारली, “बारकाय, डबा आण हितं.”

“नको गं बाय, मी आपली हितं बरी हाय.”

“तू बरी हायस. पण कायदा नाय ना बरा. आण.”

पहिल्या दिवशी बारकूबाईचा डबा तन्वीच्या वाट्याला आला आणि तन्वीचा बारकूबाईच्या. तन्वीला मिळाली नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी. बारकूबाईने झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिली. आत पांढऱ्या गिळगिळीत नळ्या होत्या.

“हे शिजवलंय का शिजवायचं हाय?”

टेबलावर जे हसू फुटलं ते मी त्या गिरणीत पूर्वी कधी ऐकलेलं नव्हतं. तिथे पूर्वी हसूच काय, यंत्रांपुढे बोललेलंही ऐकू यायचं नाही. बारकूबाईने मात्र नळ्या संपवल्या आणि तन्वीला म्हणाली, “उद्या मीठ घाल.”

मग त्या दोघींचं मेतकूट जमलं. रानात शेवळं निघाली तेव्हा बारकूबाईने तन्वीला पिशवीभर दिली, सोबत काकडं दिली. शेवळाच्या भाजीत ही आंबट फळं घालावीच लागतात, नाहीतर घसा सोलून निघतो. तन्वीला वाटलं, शेवळं ही भाजी आणि काकडं हा वेगळा खाऊ. काकडं राहिली फ्रिजमध्ये, आणि भाजी आली टेबलावर. कौतुकाने सगळ्यांनी वाढून घेतली. दुसऱ्या घासाला समीर खोकला, तिसऱ्याला मी. पाठोपाठ सगळं टेबल घसे खाकरायला लागलं. तन्वीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ते भाजीमुळे की कशामुळे कुणास ठाऊक. वैजूने वाटी पुढे केली.

“वाढ अजून. मला तर काय होत नाय.”

“खरंच?”

“खरंच. ह्या लोकांचे घसे इंग्रजी बोलून नाजूक झालेत.”

तिने दुसऱ्यांदा घेतली आणि वाटी पुसून खाल्ली. नंतर मी मागे गेले तर बाईसाहेब पाण्याच्या टाकीआड उभ्या राहून आमसुलं चोखतायत, डोळे लाल. मला म्हणाली, घोगऱ्या आवाजात, “काकी, पोरीला सांगू नका.” त्या दुपारी गिरणीतल्या सगळ्या मीटिंगा मुक्याने झाल्या.

श्रावण सरता सरता तन्वी यायची बंद झाली. फोन बंद. वैजूने दोन-तीन दिवस वाट पाहिली आणि एका सकाळी माझ्या दारात स्कूटर लावली. “काकी, नेरळला येता का? दोन बायका असल्या की वॉचमन वर सोडतो.”

लग्नानंतर ह्यांनी मोटरसायकल घेतली तेव्हा मी मागे बसायला नकार दिला होता. लोक काय म्हणतील! कुणी काही म्हणणार नव्हतं. लोकांना भाताची कामं होती. पण मला वाटायचं, अख्खं कर्जत माझ्याचकडे बघतंय. आता सत्तरी उलटल्यावर पदर खोचून वैजूच्या पाठी बसले, आणि खरोखरच अख्ख्या रस्त्याने लोक माझ्याकडे बघत होते. मजा आली.

तन्वीने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, “मी ठीक आहे. मला जरा एकटं राहू द्या.”

“रहा की. आमी कुठं आत येतोय?”

वैजू तिथेच जिन्यात बसली. पिशवीतून मोड आलेले वाल काढले, पदरात घेतले आणि सोलायला लागली. मूठभर माझ्यापुढे ठेवले. आम्ही सोलत बसलो आणि गप्पा मारत बसलो, चांगल्या मोठ्याने. माझे गुडघे, बारकूबाईची व्यालेली शेळी, पळसदरीला धरणावर येऊन बाटल्या फोडून जाणारी माणसं. सालांचा ढीग झाला. मग कडी वाजली. तन्वीचे केस विस्कटलेले, ओठ फुटलेले, मागे खोलीत अंधार. रागाने म्हणाली, “तुमचा काय संबंध?”

“काय नाय. संबंध नाय म्हणून तर दारात बसलो. असता तर दार तोडलं असतं.”

तन्वी उंबऱ्यातच खाली बसली आणि रडली. ताप नव्हता, काही नव्हतं. रजा टाकली होती, आणि इतक्या दिवसांत एका माणसाशी बोलली नव्हती, बिस्किटं खाऊन पडून होती. वाल तिच्याच स्वयंपाकघरात शिजले.

येताना भिवपुरीपाशी चहाला थांबलो, तेव्हा मी चेष्टेत म्हटलं, “वैजू, तू मॅनेजर की पोलीस गं?”

ती हसली नाही. तिचा धाकटा भाऊ होता, नितीन. पुण्यात एका खोलीत राहून घरूनच काम करायचा. हे तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

“ताप अंगावर काढला त्यानं. हापिसवाल्यांना वाटलं, रजेवर हाय. घरमालकाला वाटलं, गावाला गेला. मला वाटलं, कामात असंल, कशाला फोन करा. समद्यांना काय ना काय वाटलं, काकी. जाऊन कोणी बघितलं नाय. वास आला तवा बघितलं.”

मी माझ्या कपातला निम्मा चहा तिच्या कपात ओतला.

“म्हणून मी जाते,” ती म्हणाली. “मला शिव्या द्या, पण मी जाते.”

शिव्या मिळाल्याच. एक नवे गृहस्थ आठवडाभर दिसले नाहीत म्हणून ही त्यांच्या घरी थडकली. ते बायकोला घेऊन केरळला फिरायला गेले होते, घरात एकट्या सासूबाई, त्या घाबरल्या. गृहस्थांनी पुण्याला माझ्या मुलाकडे तक्रार केली. मुलाने वैजूला फोनवर सुनावलं, की कुणाच्या घरी जायचं नाही, कुणाला सारखे फोन करायचे नाहीत; ही काम करायची जागा आहे, वसतिगृह नव्हे. परत असं झालं तर दुसरी मॅनेजर बघावी लागेल. मी त्याला खडसावलं, तर म्हणाला, “आई, तू ह्यात पडू नकोस.” आता मी नाही पडणार तर कोण पडणार? पण पोरगा बापाच्या वळणाचा; शब्द फिरवला नाही.

वैजूने चार दिवस कुणालाच फोन केला नाही. मग तिने तोड काढली. रोज सकाळी नऊला गिरणीच्या ग्रुपवर तिचा मेसेज यायला लागला. ‘आज सुक्या बोंबलाची चटणी. नाकं मुरडणारे लांब बसा. हात वर करा.’ की भराभर हातांची चित्रं. ज्याचा हात आला नाही त्याला ती दुपारी फोन करायची आणि म्हणायची, “अगोबाई, चुकून लागला वाटतं!” सगळ्यांना ते माहीत होतं. काही जण तिचा फोन यावा म्हणून मुद्दाम हात वर करत नसत. त्यांत मीही होते.

मग कापणीचे दिवस आले. एका संध्याकाळी वैजूच्या स्कूटरचं चाक पंक्चर निघालं. ती गिरणीतच ठेवून समीरने तिला गाडीतून पळसदरीला सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मेसेज आला. ‘आज अळूचं फदफदं. खाज नाय सुटणार, आमसूल घातलंय. हात वर करा.’ सगळ्यांनी हसून हात वर केले. येणाऱ्याला अंगणात स्कूटर दिसत होती. जागेवर ती नव्हती, तर कुणाला वाटलं बँकेत गेली, कुणाला वाटलं बाजारात. मला वाटलं, ती आणि बारकूबाई वरची खोली आवरतायत. समीरलासुद्धा वाटलं, रिक्षाने आली असेल.

जेवायच्या वेळी डबे मधोमध आले. फदफदं नव्हतं. कुणीच झाकण उघडेना, कारण पहिलं झाकण नेहमी तिचंच असे.

“वैजूताई कुठेयत?” तन्वीने विचारलं.

बारकूबाई म्हणाली, “मी सकाळधरनं नाय बघितली. मला वाटलं, तुमच्यात हाय.”

तन्वीने फोन लावला. वाजत राहिला.

“असेल गं,” कुणीतरी म्हणालं. “सकाळी मेसेज नाही का आला?”

तेव्हा समीर उभा राहिला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

“तो मेसेज ती रात्रीच लिहून ठेवते,” तो म्हणाला. “सकाळी तिची धांदल असते म्हणून मीच शिकवलं होतं तिला. नऊ वाजले की तो आपोआप जातो.”

मग खुर्च्या पडल्या, किल्ल्या वाजल्या आणि सगळी गिरण दाराबाहेर धावली. गाड्यांत जागा उरली नाही म्हणून मी मागे राहिले. झाकणबंद डबे, उघडे लॅपटॉप आणि मी. एका लॅपटॉपमधून एक माणूस विचारत होता, समीर, ऐकू येतंय का? समीर, ऐकू येतंय का? शेवटी मी जवळ जाऊन त्याला माझ्या पहिल्या नंबरच्या इंग्रजीत सांगितलं की इथे कुणी नाही, नंतर या.

वैजू घरी मोरीत पडलेली होती, पहाटेपासून. जिवंत होती. शेजारपाजार सगळा कापणीला शेतावर. जाताना त्यांना दारात स्कूटर दिसली नाही, त्यांना वाटलं, बाई कामावर गेली. आधी कर्जतच्या दवाखान्यात नेलं, तिथून पनवेलला. मेंदूत रक्ताची गाठ. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर फरक पडला असता. हे ऐकायला समोर समीर उभा होता.

ती घरी आली ती उजवं अंग गमावून, आणि बोलणं गमावून. वैजू आणि बोलणं नाही! आता तिच्या घरी जाऊ नका म्हणणारं कुणी नव्हतं. माझा मुलगा पुण्याहून आला, तिच्या खाटेपाशी उभा राहिला, पंखा नीट चालतो का ते बघितलं, आणि परत गेला. गाडीत बसताना मला म्हणाला, “आई, मी नियमाने वागलो गं.” मी म्हटलं, “हो रे बाळा.” दुसरं काय म्हणणार?

मग मंडळींनी पाळ्या लावल्या. रोज दोघं-तिघं तिच्या ओटीवर लॅपटॉप घेऊन बसायची. तन्वी तिला मऊ भात भरवायची आणि कानाला फोन लावून कुणाला तरी आकडे सांगायची. बारकूबाई तिचे पाय चोळायची. डबे तिथेही मधोमध ठेवत. वैजू खाटेवरून बघायची. समीर मात्र आत जात नसे. औषधं आणायचा, फळं आणायचा, कुंपणापाशी तन्वीच्या हातात द्यायचा आणि माघारी फिरायचा. मी एकदा त्याला ओढू गेले. “आजी, नको,” म्हणाला. “तिने माझ्याकडे बघितलं तर?”

असं किती दिवस चालणार? रात्रीचं कोण? पोरांना नोकऱ्या होत्या, माझी हाडं मलाच उचलवत नव्हती. रोह्याची मोठी बहीण तिला न्यायला आली. तिथे नेल्यावर थोड्याच दिवसांत वैजू गेली. कळलं ते फोनवरून, अंत्यविधी उरकल्यावर. गिरणीत सगळे उभे राहिले आणि मग बसले, कारण काय करायचं ते सांगणारी नव्हती. नवी मॅनेजर आली आहे. शहाणी मुलगी आहे, सगळ्यांना नावाने हाक मारते.

मला वैजू दिसते ती रोह्याच्या गाडीत बसतानाची. मागच्या सीटवर उशा लावून तिला टेकवलं होतं. अंगात तो पुरुषी स्वेटर. आम्ही सगळे तिच्या अंगणात उभे, बावळटासारखे. बहीण दार लावायला गेली, तर वैजूने डावा हात दाराच्या फटीत घातला.

“काय गं? पाणी पायजे?”

पाणी नको होतं. बारकूबाईने पाय सरळ करून दिला. तेही नको होतं. घशातून नुसता घरघर आवाज. तिचे डोळे आमच्यावरून फिरत होते. माझ्यावर थांबले, बारकूबाईवर थांबले, तन्वीवर, मग पुढच्यावर. शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा माझ्यापासून सुरू झाले. पुन्हा शेवटाला गेले. हात काही फटीतून निघेना. ड्रायव्हरने घड्याळ बघितलं.

तन्वी एकदम वळली आणि रस्त्याकडे पळाली. तिथे पेंढ्याची उडवी होती. तिच्या आडून तिने समीरला बाहेर काढलं, अक्षरशः दंडाला धरून ओढत आणलं आणि गाडीसमोर उभं केलं. तो मान वर करेना.

“वैजूताई, मी…” एवढंच म्हणाला.

वैजूने फटीतला हात बाहेर काढला. त्याचे केस धरून त्याचं डोकं खाली ओढलं आणि त्याच्या डोक्यात एक टप्पल मारली. डावा हात, अंगात शक्ती नाही. लागली कसली असेल? मग तिने हात आपणहून आत घेतला, मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

बहिणीने दार लावलं. गाडी खोपोलीच्या रस्त्याला लागली, वळणाआड गेली, तरी समीर तिथे तसाच वाकून उभा होता, डोकं पुढे करून.